‘आकलन’ या रकान्यात काय भरायचे?
एका लॅटिन शब्दाच्या निमित्ताने

पाठटाचणाच्या वहीत ‘आकलन’ नावाचा एक रकाना असतो. त्याच्या आधी ‘ज्ञान’, नंतर ‘उपयोजन’ आणि शेवटी ‘कौशल्य’. बी.एड.च्या वर्षापासून हे चार शब्द आपण इतक्या वेळा लिहिलेले असतात की ते डोक्यापेक्षा हातालाच जास्त पाठ झालेले असतात. घटक चाचणीचा संविधान तक्ता तयार करतानाही हीच चौकडी समोर येते आणि कोणाच्या वाट्याला किती गुणभार द्यायचा, याची वाटणी होते.

यातल्या तीन शब्दांबाबत फारशी अडचण पडत नाही. ‘ज्ञान’ म्हणजे आठवून सांगणे, ‘उपयोजन’ म्हणजे नव्या ठिकाणी वापरणे, ‘कौशल्य’ म्हणजे आकृती काढणे किंवा उपकरण मांडणे, अशी कामचलाऊ व्याख्या कोणीही शिक्षक करील. पण ‘आकलन’ म्हणजे काय असे विचारले की उत्तर येते, ‘समजणे’. आणि समजणे म्हणजे काय, असे विचारले की पुन्हा ‘आकलन होणे’! शब्दाभोवती शब्द फिरतो आणि रकाना मात्र दरवर्षी भरला जातो. त्यावर गुण दिले जातात, त्यावरून एक मूल हुशार आणि दुसरे ‘ढ’ ठरते. म्हणून या शब्दाची एकदा नीट समीक्षा व्हावी, असे आम्हांला वाटते.

समीक्षा करायची तर शब्दाला शेजारी हवा. एकटा शब्द आपले गुणदोष दाखवत नाही. आपण शेजारी म्हणून लॅटिन भाषेतले दोन शब्द घेऊ. युरोपातल्या शिक्षणशास्त्राची परिभाषा बरीचशी लॅटिनमधून आलेली आहे आणि आपला ‘आकलन’ हा पारिभाषिक शब्द त्या परिभाषेला मराठी प्रतिशब्द म्हणूनच रूढ झाला आहे.

मूठ आणि वेचणी

लॅटिनमध्ये समजण्यासाठी ‘कोम्प्रेहेन्देरे’ असे एक क्रियापद आहे. ‘प्रेहेन्देरे’ म्हणजे पकडणे, धरणे. त्याला ‘एकत्र, पूर्णपणे’ असा अर्थ देणारा उपसर्ग लागला की अर्थ होतो, सगळे मिळून घट्ट पकडणे. इंग्रजीतला ‘कॉम्प्रिहेन्शन’ हा शब्द त्यातूनच आला.

या शब्दाची एक सुंदर गोष्ट रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने लिहून ठेवली आहे. सिसेरोचा काळ इसवी सनापूर्वी १०६ ते ४३. ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणताना त्याच्यापुढेही परिभाषेचा तोच प्रश्न होता, जो आपल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोश करणाऱ्या मंडळींपुढे होता. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो आपल्या शिष्यांना हाताच्या खुणांनी शिकवीत असे, असे तो सांगतो. झेनो पंजा उघडा धरी, बोटे सरळ, आणि म्हणे, वस्तूचा ठसा मनावर उमटतो तो असा. मग बोटे थोडी वाकवी, ही त्या ठशाला दिलेली संमती. मग मूठ आवळी, हे आकलन. शेवटी दुसऱ्या हाताने ती मूठ घट्ट धरी आणि म्हणे, हे शास्त्र, आणि ते फक्त ज्ञानी माणसापाशी असते. मुठीच्या पायरीला असलेल्या ग्रीक शब्दासाठी सिसेरोने जो लॅटिन शब्द योजला, तो याच ‘कोम्प्रेहेन्देरे’पासूनचा.

दुसरा शब्द ‘इन्तेल्लिगेरे’. याचे जुने लेखन ‘इन्तेल्लेगेरे’ असेही होते. इंग्रजीतले ‘इंटेलिजन्स’, ‘इंटलेक्ट’, ‘इंटेलिजिबल’ हे सगळे त्याचे वंशज. याची फोड सोपी आहे. ‘इन्तेर’ म्हणजे मध्ये, दरम्यान. ‘लेगेरे’ म्हणजे वेचणे, गोळा करणे, निवडणे. दोन किंवा अनेक गोष्टींच्या मधून नेमकी वेचून काढणे म्हणजे इन्तेल्लिगेरे. ‘लेगेरे’चा पुढे ‘वाचणे’ असाही अर्थ झाला. कारण वाचणे म्हणजे तरी काय? अक्षरे डोळ्यांनी वेचत जाणे. आपल्याकडे ‘वेचणे’ आणि ‘वाचणे’ हे शब्द निराळ्या घराण्यांतले असले, तरी उच्चारात किती जवळ आहेत पाहा.

सिसेरोने हेही टिपले आहे. देवांच्या स्वरूपाविषयीच्या त्याच्या ग्रंथात एके ठिकाणी तो काही शब्द ओळीने मांडतो. चोखंदळ माणूस, कष्टाळू माणूस आणि समजदार माणूस यांच्यासाठी लॅटिनमध्ये असलेल्या शब्दांत वेचण्याची तीच एक शक्ती आहे, असे तो म्हणतो. म्हणजे या शब्दाचे मूळ शोधायला एकोणिसाव्या शतकातल्या भाषाशास्त्रज्ञांची वाट पाहावी लागली नाही. बोलणाऱ्यांना ते ऐकूही येत होते.

दोन्ही शब्दांचे मराठीत ‘समजणे’ असेच भाषांतर होईल. पण चित्रे अगदी वेगळी आहेत. पहिल्यात एक वस्तू आहे आणि ती पकडणारी मूठ आहे. दुसऱ्यात अनेक वस्तू आहेत आणि त्यांतून निवड करणारी बोटे आहेत. मुठीला एकच प्रश्न विचारता येतो, धरले की सुटले? निवडणाऱ्या बोटांना मात्र विचारता येते, हेच का उचलले? ते का टाकले?

व्युत्पत्तीचा मोह

येथे थोडे सावध व्हायला हवे. शब्दाचे मूळ सापडले की वस्तूचे स्वरूप सापडले, असे समजण्याचा मोह फार होतो. तो खरा नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला याचे उदाहरण बाहेर शोधायला नको. ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थ आहे आम्ल निर्माण करणारा. लव्हाझिएने हे नाव दिले ते सर्व आम्लांत हा वायू असतोच, अशा समजुतीने. पुढे १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो. नाव तसेच राहिले, समजूत गेली. ‘ॲटम’ म्हणजे अविभाज्य. तो फोडूनही आता शतक उलटून गेले.

‘इन्तेल्लिगेरे’च्या बाबतीतही असे झाले आहे. तेराव्या शतकातला थोर ख्रिस्ती पंडित थॉमस ॲक्वायनस याने त्याची फोड ‘आत वाचणे’ अशी केली. वस्तूच्या वरवरच्या रूपात न अडकता तिच्या अंतरंगात वाचणे म्हणजे बुद्धी. कल्पना मनोहर आहे, पण आजचे भाषाशास्त्र ती व्युत्पत्ती म्हणून मान्य करीत नाही. ‘इन्तेर’चा अर्थ तेथे ‘मध्ये’ असाच धरला जातो.

मग या मुळांचा उपयोग काय? आमच्या मते एवढाच, की मूळ हा पुरावा नसून प्रश्न असतो. ‘समजणे हे पकडण्यासारखे आहे की निवडण्यासारखे?’ हा प्रश्न दोन लॅटिन शब्द शेजारी ठेवल्यामुळे उभा राहिला. त्याचे उत्तर मात्र शब्दकोशात न शोधता वर्गात शोधावे लागेल.

आपल्या घरचे शब्द

तत्पूर्वी आपल्या घरचे शब्द पाहू. ‘आकलन’ हा संस्कृत ‘कल्’ धातूला ‘आ’ उपसर्ग लागून झालेला. या धातूला धरणे, मोजणे, जाणणे असे अनेक अर्थ आहेत. ‘आकलन’ या शब्दात धरणे, बांधणे हा अर्थ जुना आहे. आपल्या जुन्या मराठीतले ‘आकळणे’ही तेच सांगते. मन आकळणे म्हणजे मन आवरणे, ताब्यात ठेवणे. म्हणजे झेनोची मूठ आपल्याकडेही आहे, आणि ‘कॉम्प्रिहेन्शन’ला ‘आकलन’ हा प्रतिशब्द ज्यांनी निवडला त्यांचा कान चांगला होता.

पण त्याच ‘कल्’ची दुसरी संतती पाहा. ‘संकलन’ म्हणजे गोळा करणे आणि बेरीजही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत बेरीज-वजाबाकीला ‘संकलित’ आणि ‘व्यवकलित’ हे शब्द आहेत. उच्च गणितातले ‘अवकलन’ आणि ‘समाकलन’ आपल्या ओळखीचे आहेत. ‘कळणे’ हे आपले रोजचे क्रियापदही याच धातूकडे नेले जाते. म्हणजे वेचणे, मोजणे, एकत्र करणे हा अर्थ ‘आकलना’च्या रक्तात आहेच. शब्द आपण वापरतो त्याहून श्रीमंत आहे. आपण त्याचा एकच खिसा वापरतो, एवढेच.

‘समजणे’चे घराणे निराळे. ते प्राकृतातून मागे ‘सम्’ आणि ‘बुध्’पर्यंत जाते. बुध् म्हणजे जागे होणे. बोध, बुद्धी, बुद्धिमत्ता हे सगळे जागेपणाचे शब्द. मात्र मराठीत ‘समज’चा प्रवास मजेशीर झाला आहे. समज चांगली, पण ‘असा एक समज आहे’ म्हटले की तो बहुधा चुकीचा असतो! ‘समजूत’ हा शब्द श्रद्धेकडे झुकतो आणि ‘समजूत घालणे’ म्हणजे तर रडणाऱ्याला गप्प करणे. विज्ञानाच्या तासाला मुलाने अवघड शंका विचारली आणि आपण ‘ते पुढच्या इयत्तेत आहे’ असे म्हटले की आपण समजावत नाही, समजूत घालतो. हा भेद मराठीने आयता दिलेला आहे. तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आणि ‘इन्तेल्लिगेरे’ला खरा जवळचा शब्द कोणता? आमच्या मते ‘विवेक’. ‘वि’ आणि ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे, चाळून काढणे. नीरक्षीरविवेक हा शब्दप्रयोग तेच सांगतो. दूध आणि पाणी एकत्र झालेले असताना ज्याला दोन्ही वेगळी करता येतात, त्याला विवेक आहे. दुर्दैवाने हा शब्द आपण नीतिपाठांना देऊन टाकला आणि प्रयोगशाळेतून त्याची रवानगी झाली. घरात मात्र तो ‘निवडणे’ या साध्या नावाने नांदतो आहे. तांदूळ निवडतात, भाजी निवडतात, आणि भांडणाचा ‘निवाडा’ही त्याच कुळातला.

आणखी एक गोष्ट. आमच्या भांडुपसारख्या उपनगरातल्या वर्गात कोकणातून आलेल्या घरांतली मुले असतात, गुजराती आणि हिंदी बोलणारी असतात, तमिळ घरांतलीही असतात. प्रत्येकाच्या घरी ‘कळले’ कसे म्हणतात ते फळ्यावर लिहून पाहावे. ‘मला कळले’, ‘माका कळला’, ‘मने समजायुं’, ‘एनक्कु पुरिंददु’. प्रत्येक वाक्यात समजणारा माणूस ‘मला’ या रूपात आहे. इंग्रजी माणूस ‘मी समजतो’ या धर्तीवर बोलतो, जणू समजणे हे त्याने केलेले काम आहे. आपल्याकडे समजणे मुख्यतः घडते, येते, ‘डोक्यात शिरते’ किंवा ‘डोक्यावरून जाते’. ‘मी समजलो’ असेही आपण म्हणतो, नाही असे नाही. पण ‘मला कळले’ हे अधिक स्वाभाविक.

या वाक्यरचनेत एक शहाणपण आहे आणि एक धोकाही आहे. शहाणपण असे की समज कोणाच्या हातावर ठेवता येत नाही, ती ज्याची त्याला यावी लागते. धोका असा की मग मूल नुसते बसून राहिले तरी चालेल, समज यथावकाश येईल, असे वाटू लागते. निवडणे मात्र कोणाला आपोआप ‘येत’ नाही. ते करावेच लागते. म्हणून ‘कळणे’ या घटनेच्या जोडीला ‘निवडणे’ ही क्रिया हवी.

भांडुपचे दोन प्रयोग

आता वर्गात जाऊ. ‘मिश्रणातील घटक वेगळे करणे’ हा पाठ आपण सर्वांनी शिकवला आहे. गाळणे, निवळणे, बाष्पीभवन, स्फटिकीभवन या शब्दांच्या व्याख्या मुले पाठ करतात आणि गुण मिळवतात. भांडुपला या पाठाचे दोन प्रचंड प्रयोग रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंना मांडून ठेवलेले आहेत.

पश्चिमेला डोंगराच्या कडेला महापालिकेचे भांडुप जलशुद्धीकरण संकुल आहे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग येथून जातो आणि आशियातल्या मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. धरणांतून आलेल्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण असतात. या कणांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तासन्‌तास खाली बसत नाहीत. तुरटीसारखे ॲल्युमिनियमचे क्षार घातले की तो भार नाहीसा होऊ लागतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. मग वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते आणि क्लोरिनने त्यातले जंतू मारले जातात.

पूर्वेला ठाण्याच्या खाडीलगत मिठागरांची जमीन आहे. तेथे मीठ पिकवण्याची जुनी रीत उलट्या दिशेची. पाणी टाकायचे आणि त्यातला क्षार ठेवायचा. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते एकाच क्षाराचे नसतात. पाणी उन्हात आटू लागले की आधी कॅल्शियमचे क्षार, मुख्यतः जिप्सम, खाली बसतात. पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की खायचे मीठ स्फटिकरूपात येऊ लागते. मॅग्नेशियमचे कडवट क्षार शेवटपर्यंत विरघळलेले राहतात. म्हणून मीठ पिकवणारा पाणी पूर्ण आटू देत नाही. कॅल्शियमचे क्षार एका कप्प्यात मागे सोडतो, मीठ दुसऱ्या कप्प्यात बसवतो आणि उरलेले कडू पाणी सोडून देतो. लॅटिन न शिकलेला हा माणूस अक्षरशः इन्तेल्लिगेरे करतो. तो क्षारांच्या मधून क्षार वेचतो.

आता दोन प्रश्न पाहा. पहिला, ‘निवळणे म्हणजे काय?’ दुसरा, ‘तुरटीने धरणाचे गढूळ पाणी स्वच्छ होते, मग तुरटी फिरवून खाडीचे पाणी गोडे का होत नाही?’

पहिल्याचे उत्तर मुठीतले आहे. जे ठेवले तेच बाहेर येईल. दुसऱ्याला उत्तर देण्यासाठी मुलाला दोन गोष्टींच्या मध्ये उभे राहावे लागते. तरंगणारा कण आणि विरघळलेला क्षार या दोन्ही ‘पाण्यात असलेल्या’ गोष्टी आहेत, पण त्या सारख्या नाहीत. मातीचा कण कितीही सूक्ष्म असला तरी कण असतो, त्याचे पुंजके होऊ शकतात. मीठ आयनांच्या रूपात पाण्याच्या रेणूंमध्ये विखुरलेले असते. तुरटी त्याला गोळा करीत नाही. ज्या मुलाला हे वेगळे करता आले, त्याला पाठ कळला. त्याने ‘आयन’ हा शब्द वापरला नाही तरी चालेल.

याहून एक पायरी पुढचा प्रश्न, ‘पारदर्शक दिसणारे पाणी पिण्यायोग्य असेलच का?’ येथे ‘निवळलेले’ आणि ‘निर्जंतुक’ यांत निवड करायची आहे. पावसाळ्यात वस्तीत साथ पसरते तेव्हा हा भेद परीक्षेपुरता राहत नाही. तो न कळण्याची किंमत गुणांत मोजली जात नाही.

रकान्याची समीक्षा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपली चौकडी आली कोठून? बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली अमेरिकेत शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. बोधात्मक क्षेत्राच्या त्यांनी सहा पायऱ्या केल्या. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन. आकलनाच्या पायरीवर त्यांनी तीन गोष्टी ठेवल्या. मजकूर एका रूपातून दुसऱ्या रूपात मांडणे, त्याचा अर्थ लावणे आणि दिलेल्या माहितीच्या पलीकडचा अंदाज बांधणे. वरच्या तीन पायऱ्या वेगळ्या असल्यामुळे त्यांच्याकडे ‘आकलन’ म्हणजे समजण्याचा पहिलाच टप्पा होता.

आपण ही शिडी घेतली आणि रोजच्या व्यवहारासाठी आखूड केली. आकलनाच्या वरचे बरेचसे काम गळाले किंवा त्याच रकान्यात कोंबले गेले. एका मुठीत फार वस्तू धरल्या की काही खाली पडणारच.

गमतीची गोष्ट अशी की आपल्या पाठटाचणांतली ‘स्पष्टीकरणे’ मात्र बरोबर आहेत! आकलनाच्या उद्दिष्टाखाली आपण काय लिहितो? ‘विद्यार्थी फरक सांगतो’, ‘तुलना करतो’, ‘वर्गीकरण करतो’, ‘उदाहरणे देतो’, ‘चूक ओळखून दुरुस्त करतो’, ‘कारणे देतो’. यातली बहुतेक क्रियापदे वेचण्याची आहेत. मथळा मुठीचा आणि मजकूर निवडीचा, असे हे टाचण आहे. २००१ साली अँडरसन आणि क्राथवोल यांनी ब्लूमच्या वर्गीकरणाची सुधारित आवृत्ती मांडली, तेव्हा त्यांनी नामे काढून क्रियापदे घातली. ‘समजणे’ या मथळ्याखाली सात क्रिया ठेवल्या. त्यांत उदाहरण देणे, वर्गीकरण करणे, तुलना करणे या आहेतच. म्हणजे जगभरचे शिक्षणशास्त्रही हळूहळू मुठीकडून बोटांकडे सरकले.

मग बिघडले कोठे? प्रश्नपत्रिकेत. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न खरे तर निवडीचा. पण कोणत्या दोन गोष्टींतला फरक विचारला जाणार, ते आधीच ठरलेले असते. गाईडमध्ये उभी रेघ मारून दोन्ही बाजूंना चार-चार मुद्दे छापलेले असतात. मूल ते चार मुद्दे पाठ करते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची तीच गत. कारण पाठ केले की ते कारण राहत नाही, तो मजकूर होतो. आकलनाच्या रकान्यात गुण पडतात, आणि मोजली गेलेली असते ती स्मरणशक्ती. पहिल्या रकान्यातला ‘ज्ञान’च वेष पालटून दुसऱ्या रकान्यात पुन्हा गुण घेऊन जातो.

याचा तोटा कोणाला होतो, हे पाहण्यासारखे आहे. ज्या मुलाला घरी पाठांतर करून घेणारे कोणी नाही, ते या दुहेरी मोजणीत दोनदा मागे पडते. आणि त्याच मुलाला बाजारात ताजी मासळी कोणती आणि शिळी कोणती, हे खवल्यांवरून, डोळ्यांवरून, कल्ल्यांच्या रंगावरून अचूक सांगता येते. ते लक्षणे पाहते, तुलना करते, निर्णय घेते, आणि निर्णयाचे कारणही देते. वैज्ञानिक निरीक्षण याहून वेगळे काय असते? पण आपल्या रकान्यात त्याला जागा नाही. त्याची निवडण्याची बुद्धी आपण वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावतो आणि मग प्रगतिपुस्तकात शेरा मारतो, ‘आकलनशक्ती कमी’.

यंत्राची बुद्धी

भांडुपचा आणखी एका लॅटिन शब्दाशी संबंध आहे. मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती भांडुपवरूनच. या गाडीच्या ‘इंजिन’चे मूळ आहे लॅटिन ‘इन्गेनिउम’, म्हणजे उपजत बुद्धी. बुद्धीचा शब्द आधी युक्तीला मिळाला, मग युक्तीने बनवलेल्या यंत्राला, आणि शेवटी बुद्धी मागे राहून यंत्र तेवढे उरले. आज इंजिन म्हटल्यावर कोणाला बुद्धी आठवत नाही.

‘इंटेलिजन्स’ हा शब्दही आता यंत्रांना जोडला गेला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले तर ती ‘फरक स्पष्ट करा’चे उत्तर क्षणात उभ्या रेघेसह लिहून देते. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे एक गोष्ट उघड झाली. जो प्रश्न इतक्या सहज बाहेरून सोडवून घेता येतो, तो मुलाच्या समजेविषयी फार थोडे सांगतो. आणि समोर आलेल्या दहा उत्तरांतले कोणते घ्यावे, कोणते टाकावे, हे ठरवण्याचे काम पुन्हा मुलावरच येते. म्हणजे वेचण्याचे काम संपले नाही, वाढले.

वर्गात काय करता येईल?

परिभाषा बदला, ‘आकलन’ काढून ‘विवेक’ घाला, असे आम्ही म्हणणार नाही. रुळलेला शब्द हुकमाने बदलत नाही, आणि ‘आकलन’ हा शब्द वाईटही नाही. त्याचा दुसरा खिसा वापरायला लागलो तरी पुरे. त्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, ‘कळलं का?’ हा प्रश्न शक्य तितका कमी विचारावा. त्याला पन्नास मुलांचे एकच उत्तर ठरलेले असते, ‘होऽऽ’. तो होकार मुठीसारखा बंद असतो, आत काय आहे ते दिसत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी समोर ठेवून ‘यांत सारखे काय, वेगळे काय?’ असे विचारावे. उत्तर चुकले तरी आतले दिसते.

दुसरी, फरक विचारताना एक जोडी पुस्तकाबाहेरची द्यावी. मीठ आणि साखर, दव आणि पाऊस, गंजणे आणि जळणे. मुद्दे पाठ नसल्यामुळे मुलाला ते वेचावेच लागतात. मुद्दे दोनच आले तरी ते त्याचे असतात.

तिसरी, चुकीचे उदाहरण मुद्दाम मिसळावे. विरघळणाऱ्या पदार्थांच्या यादीत खडूची पूड ठेवावी आणि कोणते बसत नाही ते शोधायला लावावे. खडे असल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत.

चौथी, उत्तर तपासताना ‘हे का घेतले?’ याच्या जोडीला ‘ते का टाकले?’ यालाही गुण ठेवावेत. टाकण्याचे कारण पाठ करणे फार अवघड असते.

शेवटची गोष्ट वाचनाविषयी. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने निपुण भारत अभियान सुरू केले, त्याच्या नावातच समजपूर्वक वाचन आहे. ‘लेगेरे’चे दोन अर्थ, वाचणे आणि वेचणे, येथे पुन्हा एकत्र येतात. मूल परिच्छेद अडखळत वाचते की सलग, हे आपण घड्याळ लावून मोजू. ते जरूर मोजावे. पण नंतर त्याला एवढेच विचारावे, ‘यातले कोणते वाक्य काढून टाकले तर चालेल, आणि कोणते काढून चालणार नाही?’ तिसरीतले मूलही याचे उत्तर देते, आणि ते उत्तर ऐकताना ‘आकलन’च्या रकान्यात काय भरायचे ते शिक्षकाला वेगळे शोधावे लागत नाही.